माती आणताना खताची गोणी नको
(माती तपासायला देणाऱ्या आणि खत नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

नमस्कार. दर वर्षी मिरगाच्या तोंडावर आम्ही काउंटरला उभं राहून तीच उत्तरं देतो आणि मागे रांग वाढत जाते. म्हणून हे छापून घेतलं. घरी निवांत वाचा, शेजाऱ्यालाही द्या.

आधी आमची तक्रार. गेल्या मे महिन्यात एक जुने ग्राहक कुणग्यातली (भातखाचरातली) माती घेऊन आले. डीएपी या स्फुरदवाल्या खताच्या रिकाम्या गोणीतून, पण 'चांगली झटकून'. तपासणीत स्फुरद (फॉस्फरस) एवढं निघालं की लॅबमधली मुलगी आकडा दोनदा बघून माझ्याकडे आली. आपल्या जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतं, त्यामुळे पिकाला मिळणारं स्फुरद आपल्या बाजूला बहुधा कमीच निघतं. ते भरपूर आलं की आम्हाला आधी गोणीचा संशय येतो. शिवणीत अडकलेले दोन-तीन दाणे अर्धा किलो मातीत विरघळले, तर 'कमी'चा शेरा 'जास्त' व्हायला तेवढे पुरतात. मग परत नमुना, परत सुकवणं, परत तपासणी. त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या, आमचे आठ दिवस गेले, आणि तोवर पाऊस लागला. चूक आमचीही होती, गोणी बघूनच परत पाठवायला हवं होतं. आता पाठवतो. राग मानू नका.

कापडी पिशवी आमच्याकडे फुकट मिळते, ती आधी घेऊन जा. एका कुणग्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करा आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी कापली जाईल अशी माती घ्या. मेरेजवळची, झाडाखालची, शेणकीच्या बाजूची नको. राब भाजलेल्या जागेची तर मुळीच नको, तिथे राखेमुळे पालाश (पोटॅशियम) आणि सामू (पीएच, तो जेवढा कमी तेवढी माती आंबट) दोन्ही वर दिसतात. सगळी माती एकत्र करून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. सुकवायची ती सावलीत. खत घालून तीन महिने झाले नसतील तर थांबा. कुणगा, भरड (वरची, पाणी न साचणारी जमीन) आणि बाग यांची माती एकाच पिशवीत आणली तर तो रिपोर्ट तिन्हींपैकी कशाचाच नसतो. आंबा, माड, पोफळीसाठी खोलीवार वेगळे नमुने लागतात, ते येऊन विचारा.

'माती ती मातीच, तिच्यात काय बघूचा हा?' असं म्हणून बरेच जण नुसता युरिया, म्हणजे फक्त नत्र (नायट्रोजन), मागतात. युरिया आम्ही विकतोच, पण विकताना दोन शब्द बोलतो, त्याचं कारण गव्हात आहे. गहू आपण चपातीपुरताच ओळखतो, पण खताचं जगातलं सगळ्यात जुनं चालू खातं त्याच्याच नावावर आहे. लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड इथे ब्रॉडबॉक नावाचं शेत आहे. तिथे 1843 च्या शरदात गहू पेरला आणि तेव्हापासून तिथले पट्टे ठरलेल्या खतांवर चालू आहेत. एका पट्ट्याला तेव्हापासून काहीच घातलेलं नाही. तोही मेला नाही, हेक्टरी साधारण एक टन, म्हणजे एकरी चार क्विंटल गहू देतोच. 'खत न घालताही पिकतं' हे तुमचं म्हणणं त्यामुळे खोटं नाही. किती पिकतं, एवढाच प्रश्न आहे.

शेणखतवाल्यांनाही तिथे आधार आहे. दर वर्षी शेणखत मिळालेला पट्टा रासायनिक खताच्या बरोबरीने चालत आला, आणि नव्या जाती आल्यावर शेणखत अधिक वरून नत्र हे पट्टे सगळ्यात वरच्यांत गेले. पण तिथलं शेणखत हेक्टरी 35 टन असतं, म्हणजे एकरी 14 टन, आणि तेही दर वर्षी. आज आपल्याकडे कुणाच्या गोठ्यात निघतं एवढं? दोन म्हशींच्या शेणात अर्धा एकर जेमतेम भागतो. म्हणून आम्ही दोन्ही मिळून सांगतो.

नुसत्या नत्राचं काय होतं हे बघायला विलायतेला जायला नको. 1970 पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनेही देशात ठिकठिकाणी असे दीर्घ मुदतीचे प्रयोग मांडले. हिमाचलातलं पालमपूर आपल्यासारखंच धो-धो पावसाचं, मातीही आंबट. तिथे मका-गव्हाच्या ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षं फक्त नत्र मिळालं, तिथलं पीक उतरत उतरत शून्यावर आलं. चुना किंवा शेणखताची जोड मिळालेले वाफे टिकले. युरियाचं मातीत नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. ते नायट्रेट पावसाबरोबर झिरपताना मातीतला चुनाही घेऊन जातं. सामू फार उतरला की ॲल्युमिनियम विरघळून मुळं आखडतात.

भाताच्या कुणग्यात हे लवकर कळत नाही. पाणी भरून राहिलं की आंबट मातीचा सामू आपोआप वर येतो, म्हणून भात सोसतो. पाणी उतरल्यावर त्याच कुणग्यात भुईमूग किंवा चवळी घातली की पान पिवळं पडतं, आणि मग बी वाईट म्हणून आमच्याशी भांडण! सामू बघून चुना किती हे आम्ही लिहून देतो. शिंपल्यांचा चुनाही चालतो, तो आमच्याकडेच घ्यायला हवा असं नाही.

युरिया-डीएपीच्या ब्रिकेट मात्र आमच्याकडे ताज्या असतात. भाताच्या चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. वर फेकलेल्या खतासारखी पहिल्या मोठ्या सरीत ती व्हाळाला जात नाही. खोचायला माणूस लागतो, हे खरं.

'खतही तुमचं, लॅबही तुमची, मग रिपोर्टात खत येणारच' असं काही जण तोंडावर म्हणतात, काही बाहेर जाऊन. रॉथॅमस्टेडचा प्रयोग ज्याने सुरू केला तो जॉन बेनेट लॉझही खतवालाच होता. 1842 मध्ये त्याने सुपर फॉस्फेटचं, म्हणजे स्फुरदाच्या खताचं, पेटंट घेतलं, कारखाना काढला. आणि नत्राशिवाय स्फुरद-पालाश घातलं तर गहू फारसा वाढत नाही, हे त्याच्याच शेताने दाखवलं. स्वतःच्या मालाला गैरसोयीचा निकाल, तरी छापला. आम्ही काही लॉझ नाही, पण 'यंदा स्फुरद नको' असे रिपोर्ट आमच्याकडूनही जातात. फाईल बघायला मागा, दाखवू.

'मागच्या वर्षी तुमच्या सांगण्याने घातलं, काय फरक पडला?' याचं उत्तर आमच्याकडे नाही, तुमच्या कुणग्यात आहे. कोपऱ्यात एक गुंठा खताविना सोडा, तिथलं भात वेगळं झोडा, वेगळं मोजा. एका वर्षावर जाऊ नका, कधी पाऊस दडी मारतो, कधी करपा येतो. निदान तीन वर्षांचे आकडे आणा. लिहायला वही आम्ही देतो, आणि तुमच्या प्रत्येक नमुन्यातली मूठभर सुकी माती तारीख घालून बाटलीत ठेवतो. रॉथॅमस्टेडला तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची माती आणि दाणे असेच जपून ठेवले आहेत.

तपासणीची फी काउंटरवर लावली आहे. भात कापून झाल्यापासून मार्चपर्यंत नमुना आणलात तर रिपोर्ट चार दिवसांत मिळतो. वीस मेनंतर आणलात तर दोन आठवडे धरा, आणि पिशवीवर नाव, गाव, कुणग्याचं नाव आणि मागचं पीक पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते आणि मग कुणाची माती कुणाची, हे शोधत बसावं लागतं.