लोडिंग आणि लॉस: टक्का तोच, जागा वेगळी

कार्पेट एरिया कुणाला समजावून सांगायला नको. आपल्या दाराच्या आत, टेबल-खुर्च्या मांडता येतात ती जागा. ऑफिसचं भाडं मात्र लागतं चार्जेबल एरियावर. त्यात लॉबी, पॅसेज, स्वच्छतागृहं यांतला आपला वाटाही धरलेला असतो. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं.

घोळ होतो टक्केवारीत. मध्यवस्तीतल्या नावाजलेल्या टॉवरमध्ये ऑफिस शोधताना एक ब्रोकर सांगतो ‘लोडिंग 25 टक्के’, दुसरा सांगतो ‘लॉस 25 टक्के’, आणि दोन्ही आकडे तुलनेच्या तक्त्यात एकाच रकान्यात जाऊन बसतात. हे पाहिलं की मला राहवत नाही, कारण त्या तक्त्यावरून कित्येक वर्षांचा करार ठरतो.

लोडिंग कार्पेटवर चढतं. 8,000 चौरस फूट कार्पेटवर 25 टक्के चढवले की चार्जेबल झाला 10,000. लॉस मात्र चार्जेबलमधून वजा होतो. 10,000 मधून 25 टक्के गेले, हाती उरले 7,500. भाडं दोन्हीकडे 10,000 चं, पण दुसरीकडे 500 चौरस फूट कमी. एक प्रशस्त मीटिंग रूम गेलीच म्हणा. चार्जेबलवर दर चौरस फुटाला 100 रुपये असेल, तर पहिल्या जागेत तो कार्पेटवर 125 पडतो, दुसऱ्या जागेत 133 च्या वर. टक्का वाढेल तशी तफावत वाढते: 50 टक्के लोडिंग म्हणजे जेमतेम 33 टक्के लॉस, पण 50 टक्के लॉस म्हणजे तब्बल 100 टक्के लोडिंग.

एफिशियन्सी, म्हणजे चार्जेबलपैकी कार्पेट किती टक्के, ही लॉसचीच उलटी बाजू. 75 टक्के एफिशियन्सी म्हणजे 25 टक्के लॉस, बस.

आता त्या ‘मोफत’ सोयी. कॉन्फरन्स सेंटर, जिम, लाउंज यांचं क्षेत्रफळ बहुधा चार्जेबलमधल्या सामाईक वाट्यातच मिसळलेलं असतं. अमेरिकेत 1915 पासून चालत आलेल्या बोमा (इमारतमालक आणि व्यवस्थापकांची संघटना) मापनपद्धतीत लिफ्टचे शाफ्ट आणि जिने भाड्याच्या क्षेत्रफळातून सहसा वगळतात, सामाईक सोयी मात्र भाडेकरूंमध्ये वाटून टाकतात. त्यामुळे जाहिरातीतला ‘मोफत’ हा शब्द मला मुळीच पटत नाही. हॉलचं भाडं आपण दरमहा भरणार, आणि हॉल मिळणार तो रिकामा असेल तेव्हा! महिन्याला किती तास हक्काचे, बुकिंग किती दिवस आधी, हे सही करण्यापूर्वी लिहून घ्या.

अख्खा मजला घेत असाल तर हिशेब पुन्हा बदलतो. मधला सामाईक पॅसेज लागत नाही, तीही जागा वापरात येते. अशा मजल्याचा टक्का अर्ध्या मजल्याच्या टक्क्याशी ताडून पाहू नका.

मी तर टक्का विचारतच नाही. कार्पेट किती चौरस फूट, चार्जेबल किती, मोजमाप कोणत्या पद्धतीचं, एवढं मजल्याच्या नकाशासकट करारात मागतो. भागाकार आपला आपण करावा.