मॉरिशस (बेट)

हिंदी महासागराच्या नैऋत्य भागातलं, मादागास्करच्या पूर्वेला साधारण ९०० किलोमीटरवर असलेलं ज्वालामुखीजन्य बेट. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौ. किमी, राजधानी पोर्ट लुई, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, आणि सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्यापेक्षा थोडंसंच जास्त. मुंबईहून जाणाऱ्यांना हे नाव बहुतेक हनिमून पॅकेजमधून माहीत असतं, त्यामुळे बीच, स्पीडबोट आणि रिसॉर्ट याबद्दल इथे फार लिहायची गरज नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं की बेट मकरवृत्ताच्या जरा अलीकडे, दक्षिण गोलार्धात आहे, तेव्हा ऋतू उलटे. आपण मे महिन्यात उकाड्याने हैराण असतो तेव्हा तिथे थंडी सुरू होत असते, आणि जानेवारी ते मार्च हा तिथला चक्रीवादळांचा जोराचा काळ.

बेटाची उत्पत्ती हा खरा वादाचा आणि इंटरेस्टिंग भाग. प्रचलित मत असं की पृथ्वीच्या पोटात खोलवर एक तप्तबिंदू आहे, ज्याला आज 'रियुनियन हॉटस्पॉट' म्हणतात. त्याच्यावरून भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, सरकत गेला आणि जिथे जिथे लाव्हा वर आला तिथे दगडांची एक रांग तयार झाली. या रांगेचं जुनं टोक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा कातळ, तिथून पुढे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, जिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर उसळतो. थोडक्यात राजगडाच्या कड्यातला बेसॉल्ट आणि पोर्ट लुईच्या मागच्या डोंगरातला बेसॉल्ट हे लांबच्या नात्याने भाऊबंद लागतात. ही साखळी इतकी सरळ नाही, लाव्हा वर येण्यामागे भूपट्टातल्या जुन्या भेगा जास्त जबाबदार असाव्यात असं मानणारे अभ्यासकही आहेत, पण दख्खनपासून रियुनियनपर्यंत खडकांची वयं ज्या क्रमाने कमी होत जातात ते पाहता हॉटस्पॉटची बाजू वरचढ वाटते.

बेटावरचे खडक साधारणपणे तीन टप्प्यांत विभागतात. पहिला टप्पा अंदाजे ९० लाख ते ५० लाख वर्षांपूर्वीचा, यात मूळ ढालीसारखा मोठा ज्वालामुखी उभा राहिला. दुसरा ३५ लाखांपासून १७-१९ लाख वर्षांपर्यंत, आणि तिसरा गेल्या दहाएक लाख वर्षांतला, जो अगदी अलीकडे, म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबात अलीकडे, पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वी थांबला असावा. आकडे लेखकागणिक थोडे मागेपुढे होतात. पोर्ट लुई-मोका, ग्रां पोर्ट आणि रिव्हिएर न्वार या डोंगररांगा बेटाच्या कडेने जवळपास गोलाकार उभ्या आहेत, त्यांना जुने लोक एका प्रचंड खचलेल्या विवराची कड मानत, नंतरच्या अभ्यासकांनी मात्र ज्वालामुखीचे उतार कोसळणं आणि लाखो वर्षांची झीज यावर जास्त भर दिला, आणि तेच जास्त पटतं.

आता मॉरिशियाचा वाद. २०१३ साली एका संशोधन गटाने इथल्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे बारीक कण सापडल्याचं प्रसिद्ध केलं, त्यांची वयं ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षं! ज्या बेटाचा सगळ्यात जुना दगड जेमतेम ९० लाख वर्षांचा, तिथे एवढे म्हातारे कण आले कुठून? त्यांचं म्हणणं, बेटाखाली एका जुन्या बुडालेल्या भूखंडाचा तुकडा आहे, भारत आणि मादागास्कर वेगळे होताना मागे राहिलेला, त्याला त्यांनी मॉरिशिया नाव दिलं. यावर लगेच शंका निघाली की वाळू कुठूनही येऊ शकते, वाऱ्याने, जहाजाच्या भारातून, बांधकामाच्या मालातून, अगदी माणसाच्या बुटाला चिकटूनसुद्धा. मग २०१७ मध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातल्या लुईस अ‍ॅशवाल आणि सहकाऱ्यांनी वाळू सोडून थेट खडकातून, ट्रॅकाइट नावाच्या सुमारे ६० लाख वर्षं जुन्या दगडातून, झिरकॉन काढले आणि ते २५० ते ३०० कोटी वर्षांचे निघाले. घट्ट दगडाच्या आतला कण बाहेरून येणं अवघड, त्यामुळे शंकेला बरंचसं उत्तर मिळालं असं म्हणता येईल. हा तुकडा केवढा आणि कुठपर्यंत पसरलाय यावर मात्र अजून अंदाजच चालतात.

हे सगळं टुरिस्टला कुठे दिसतं? क्युरपीप गावात त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे, तीनेकशे मीटर रुंद, आत झाडी आणि तळाला गाळाने भरलेलं डबकं, कडेने लोक सकाळी जॉगिंग करतात. नैऋत्येला शामारेलची सात रंगांची माती, बेसॉल्ट कुजून त्याची चिकणमाती झाली, लोहाने लाल-तपकिरी छटा आल्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांनी निळसर-जांभळ्या, असं साधारण स्पष्टीकरण देतात. एक गंमत म्हणजे बेट ज्वालामुखीचं असलं तरी बीच काळे नाहीत, पांढरे आहेत, कारण ती वाळू प्रवाळाची. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळभिंतीचं कुंपण आहे आणि आत उथळ शांत लॅगून. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी हे कुंपण तुटतं, तिथे समुद्र थेट काळ्या कड्यांवर आदळतो आणि मग लॅगूनची किंमत कळते.

बेट पहिल्यांदा कोणी पाहिलं हे नक्की नाही. १५०२ च्या कांतिनो या पोर्तुगीज नकाशावर 'दीना अरोबी' वगैरे अरबी वळणाची तीन नावं आहेत, त्यातलं हे मॉरिशस असं बहुतेकजण धरतात, पण नकाशात बेटांची जागाच चुकलेली असल्याने फार ताणू नये. वस्ती मात्र कोणाचीच नव्हती. डच १५९८ ला उतरले, त्यांच्या राजपुत्र मॉरिस याचं नाव दिलं, १६३८ पासून वस्ती केली, ऊस आणि जावाची हरणं आणली आणि १७१० ला कंटाळून निघून गेले. डोडो याच काळात संपला. शेवटचा खात्रीचा उल्लेख १६६२ चा धरतात, तर २००३ मधल्या एका संख्याशास्त्रीय हिशोबाप्रमाणे तो १६९० च्या आसपासपर्यंत टिकला असावा. दुसरं मत जास्त सयुक्तिक वाटतं, शेवटचा पक्षी माणसाच्याच नजरेला पडून मेला असेल असं कशाला? डोडोची बहुतेक हाडं १८६५ नंतर आग्नेयेच्या मार ओ साँज या दलदलीतून निघाली. पुढे १७१५ ला फ्रेंच आले, १८१० ला इंग्रज, १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य, १९९२ ला प्रजासत्ताक.

इंग्रजांच्या काळात, १८३५ ला गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून १८३४ पासूनच गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर आणायला सुरुवात झालेली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय इथे उतरले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट (बांधकाम १८४९, जागतिक वारसा २००६) आवर्जून पाहावा, तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून ही माणसं आत गेली, आणि त्या पायऱ्याही बेसॉल्टच्याच. उसाच्या शेतांमधून जाताना काळ्या दगडांचे रचून ठेवलेले मोठमोठे ढीग दिसतात, ते गुलामांनी आणि मजुरांनी जमीन साफ करताना हाताने वेचून घातलेले. दगड उलटला की खाली सोनं मिळतं असं सांगून आपल्या पूर्वजांना इथे आणलं, ही गोष्ट मॉरिशसच्या भारतीय घरांमध्ये पिढ्यानपिढ्या सांगतात. प्लेन मान्यें भागातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या ढिगांना काही हौशी मंडळी प्राचीन पिरॅमिड वगैरे म्हणतात, त्यात दम नाही, आणि ज्यांनी कंबरडं मोडून ते रचले त्यांचं श्रेय उगाच काढून घेतलं जातं.

मजुरांत बहुसंख्य बिहारकडचे, भोजपुरी बोलणारे, मग तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले त्यामानाने कमी, त्यात रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातले बरेच. वाकोआ, हेनरिएटा, कास्काव्हेल या भागांत मराठी घरं आहेत. नोंदणी करताना कारकुनाने नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहिलं, तेच पुढे आडनाव झालं, त्यामुळे रामजी, बापू अशी आडनावं भेटतात आणि गावाची ओळख पुसली जाते. घरात आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली, बोलतात. मराठी शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून शिकवली जाते, मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्येही तिचं शिक्षण आहे आणि मजुरांच्या जुन्या नोंदवह्याही तिथेच जपल्यात. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, मूर्ती समुद्रात किंवा नदीत विसर्जन होते, मिरवणुकीत 'झाकरी' नाचतात, ती आपल्या कोकणातली जाखडीच. या उत्सवाची सुरुवात हेनरिएटा इथे १८९६ साली झाली असं सर्रास सांगतात, टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवानंतर तीनच वर्षांनी. ही तारीख चारचौघांत गणपती बसवायला लागल्याची मानावी, कोकणातला माणूस त्याआधी साठ वर्षं घरात गणपती न आणता राहिला असेल हे काही पटत नाही.

महाशिवरात्रीला गर्दी ग्रां बासें, म्हणजे गंगा तलावावर. हेही एक विवरातलं तळं, पूर्वी परी तालाब म्हणत. त्रिओलेच्या एका पुजाऱ्याला १८९७ ला स्वप्नात याचं नातं गंगेशी दिसलं आणि १८९८ ला पहिली यात्रा निघाली, काही ठिकाणी दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घातल्यात. १९७२ ला भारतातून गंगाजल आणून यात मिसळलं. लोक फुलं-आरशांनी सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन दूरदूरच्या गावांतून चालत येतात, आणि वाटेत पाणी, सरबत, खाणं वाटणारी सर्व धर्मांची माणसं उभी असतात.

खाण्यात धोल पुरी चुकवू नये. मैद्याची पातळ पोळी, आत वाटलेली हरभऱ्याची डाळ, गूळ नाही, वर मोठ्या पांढऱ्या घेवड्याची करी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून रस्त्यावर मिळते आणि मागायची ती जोडीनेच. सेगा हे गुलामांच्या वंशजांचं नाचगाणं, बकऱ्याच्या कातड्याचा रावान हे त्यातलं मुख्य वाद्य, वाजवण्याआधी ते विस्तवावर धरून ताणतात. युनेस्कोच्या यादीत सेगा २०१४ ला गेला आणि भोजपुरी लग्नातलं गीत-गवई २०१६ ला. हॉटेलातला सेगा शोपुरता असतो.

घरं बहुतेक सिमेंटची, सपाट छपराची, कारण १९६० च्या कॅरोल वादळाने जुनी लाकडी-पत्र्याची घरं उडवून नेली आणि तेव्हापासून लोकांनी काँक्रीट धरलं. जुलै २०२० ला 'वाकाशियो' हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल लॅगूनमध्ये सांडलं, तेव्हा गावकऱ्यांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबलचक तरंगते बांध शिवले, काहींनी केस कापून दिले. त्या किनाऱ्यावर, ब्लू बे भागात, पोहायला जाल तर प्रवाळावर पाय ठेवू नका.