अठराशे पावलं, पण कोणाची?

चिंचेच्या झाडावरून, कडब्याच्या गंजीवरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या माणसाच्या एमआरआयच्या कागदावर बऱ्याचदा एकच जागा लिहिलेली असते: डी १२ किंवा एल १, म्हणजे छातीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला मणका. छातीचे मणके बरगड्यांच्या पिंजऱ्यात जखडलेले असतात, कमरेचे मोकळे असतात. त्यामुळे आदळल्यावर सगळा जोर या दोन भागांच्या सांध्यावर येतो. पायांतली ताकद गेलेल्या माणसाला 'रोबोटवर चालवतात', म्हणजे मोटारी लावलेलं यंत्र त्याचे पाय हलवून चालवतं, असं कळलं की सोलापुरातून पुण्या-मुंबईकडे फोन सुरू होतात. पण हा उपचार लागू पडेल का, हे यंत्राआधी त्या एका ओळीवर ठरतं.

त्यामागचं कारण असं. चालताना प्रत्येक स्नायूला मेंदू स्वतंत्र हुकूम देत बसत नाही. सोलापुरी चादरीचा जॅकार्ड माग आठवा. नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांवर असते. माग सुरू झाला की कार्डं पुढं सरकतात आणि ताण्यातले ठरलेले धागे आपोआप वर उचलले जातात. विणकर माग सुरू करतो, बंद करतो, धागा तुटला तर हात घालतो. चालण्याची अशी कार्डं मज्जारज्जूच्या कमरेच्या भागात असतात. टॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की मेंदूशी संबंध तोडला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या तरी मज्जारज्जू पावलांची लय स्वतः तयार करू शकतो. पुढं असंही दिसलं, की मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांना ट्रेडमिलवर चालण्याचा सराव दिला तर ती मागच्या पायांनी चालतात. नुसतं उभं राहण्याचा सराव दिलेली उभी राहतात, पण चालण्यात मागं पडतात. जे घोटाल तेच येतं.

माणूस मांजर नव्हे. दोन पायांवर तोल सावरायला आपल्याला मेंदू फार लागतो, त्यामुळे मेंदूकडून खाली येणारे थोडे तरी धागे शाबूत असावे लागतात. शिवाय मज्जारज्जू एल १-एल २ च्या सुमारास संपतो आणि चालण्याची ही कार्डं साधारण डी ११ ते एल १ मणक्यांच्या आडच असतात. मार डी ५ ला बसला तर खालचा माग शाबूत राहतो, वरून येणारी तारच तुटते. डी १२-एल १ ला बसला तर कधी मागच मोडलेला असतो आणि पाय ताठ न होता लुळे पडतात. 'पाय ताठतात, झटके येतात' ही तक्रार ऐकून घरचे घाबरतात; पण त्या ताठरपणाचा एक अर्थ, खालचा माग जिवंत आहे, असाही असतो.

किती धागे उरलेत हे मज्जारज्जूची इजा किती खोल आहे ते मोजणारी एशिया श्रेणी सांगते. ए म्हणजे गुदद्वाराजवळही संवेदना नाही, हालचालही नाही. बी म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. सी आणि डी म्हणजे हालचाल आहे. इजेखालच्या मुख्य स्नायूंपैकी निम्म्या किंवा जास्त स्नायूंची ताकद ५ पैकी किमान ३ असेल तर डी, नाहीतर सी. रोबोटिक चालण्याचा खरा फायदा होतो तो सी आणि डी मध्ये. ए श्रेणीच्या रुग्णालाही यंत्रात उभं करता येतं. पण त्याला 'चालायला लागाल' असं सांगणं ही फसवणूक आहे.

ट्रेडमिलवर बसवलेल्या यंत्रांत लोकोमॅट सर्वांत परिचित. ते झुरिचच्या बालग्रिस्ट रुग्णालयातल्या कामातून उभं राहिलं. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सचं जी-गेटर आहे. मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबोटही याच कंपनीचा. लोकोमॅटमध्ये दोन खुब्यांना आणि दोन गुडघ्यांना मिळून चार मोटारी असतात. घोट्याला मोटार नसते, पंजा लोंबू नये म्हणून लवचीक पट्टा असतो. वरून टांगलेला हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेले पट्टे, शरीराचं काही वजन उचलून धरतो.

वेग ताशी १.८ किलोमीटर आणि पाऊल ५० सेंटिमीटरचं धरलं तर सेकंदाला एक पाऊल पडतं, म्हणजे अर्ध्या तासात १८००. दोन फिजिओथेरपिस्ट जमिनीवर बसून हातानं पाय उचलत राहिले तर त्यांची कंबर याच्या कितीतरी आधी जाईल. यंत्राची मोठी कमाई ती एवढीच: मोजून, न थकता पुनरावृत्ती.

पण ही १८०० पावलं टाकतो कोण? मोटारींची मदत १०० टक्क्यांवर ठेवली की पाय देखणे चालतात आणि रुग्ण मनातल्या मनात घरचा हिशोब करू शकतो. शरीर आळशी आहे. काम दुसरं कोणी करत असेल तर स्नायू चटकन अंग काढून घेतात. जाणकार थेरपिस्ट म्हणून मदत थोडी थोडी उतरवत जातो. सुरुवातीला ४० ते ५० टक्के वजन उचललेलं असतं, तेही हळूहळू कमी करायचं. मज्जारज्जूला चालण्याची खूण दोन गोष्टींनी पटते: तळव्यावर पडणारा भार आणि मांडी शरीराच्या मागं जाणं. हार्नेसनं फार उचललं की तळवा ट्रेडमिलच्या पट्ट्यावरून नुसता घासत जातो आणि पहिली खूण नाहीशी होते. गुडघा लचकायला लागला तर वजन पुन्हा थोडं उचलावं. बाजूच्या दांड्यांवर हात रोवून सगळा भार खांद्यांवर घेणं ही दुसरी नेहमीची चूक. स्क्रीनवरचा आकडा चांगला दिसतो, पायांना मात्र काहीच मिळत नाही.

अभ्यासांचा कौलही याच बाजूचा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अपूर्ण इजेच्या, म्हणजे काही धागे शाबूत असलेल्या, रुग्णांना वजन उचलून ट्रेडमिलवर चालवणं आणि तेवढाच वेळ जमिनीवर चालण्याचा सराव देणं यांत फरक दिसला नाही. त्या चाचणीत रोबोट नव्हता, हाताने दिलेली मदत होती. पण २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी रोबोटबद्दलही हेच म्हटलं: इजेला सहा महिने उलटलेल्या आणि थोडंफार चालू शकणाऱ्यांचा वेग किंवा अंतर वाढवायचं असेल तर रोबोट नको, नाडी वाढेल इतक्या जोराचा चालण्याचा सराव हवा. म्हणजे यंत्राची जागा सुरुवातीच्या महिन्यांत, पाय अजून भार पेलत नसताना. पुढं वॉकर, कुबड्या आणि जमीन.

पहिल्या दिवशी बराच वेळ मापांतच जातो. मांडीचं माप खुब्याच्या बाहेरच्या हाडापासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंत. यंत्राचा गुडघा आणि माणसाचा गुडघा एका रेषेत नसले तर प्रत्येक पावलाला पट्टा कातडीवर घसरतो, आणि संवेदना नसल्यानं रुग्णाला ते कळतही नाही. सत्र संपल्यावर पट्ट्यांखालची कातडी पाहायचीच. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागेवर पुन्हा पट्टा नाही. लघवीची पिशवी आधी रिकामी करावी, नळी जांघेतल्या पट्ट्याखाली दबली नाही ना ते पाहावं. डी ६ किंवा त्यावरची इजा असेल तर दबलेल्या नळीनं भरलेलं मूत्राशय रक्तदाब एकदम चढवतं: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. लगेच यंत्र थांबवून बसवायचं, पट्टे सैल करायचे, नळी मोकळी करायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. उलट, उभं करताच वरचा रक्तदाब २० नं उतरला तर चक्कर येते. अशांना आधी हळूहळू उभं करणारं टिल्ट टेबल, पोटाला पट्टा, पायांत घट्ट मोजे. महिनोन्‌महिने भार न पडलेलं गुडघ्याजवळचं हाड ठिसूळ झालेलं असतं, म्हणून हाडांची घनता आधी तपासावी. ताठरपणाच्या झटक्यानं यंत्र मध्येच थांबतं तेव्हा ते बिघडलेलं नसतं. मोटारीला ठरल्यापेक्षा जास्त विरोध जाणवला की ते थांबावं अशीच रचना असते.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय. इजेखालच्या अंगाला घाम येत नाही आणि इजा जितकी वर तितकं शरीर तापायला सोपं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारचं सत्र नको. सकाळी लवकरची वेळ, जवळ पाण्याचा फवारा आणि ओला टॉवेल हवाच.

अक्कलकोट, मंगळवेढा किंवा बार्शीहून येणाऱ्यांसाठी प्रवासच कधी उपचारावर पाणी फिरवतो. अर्ध्या तासाच्या सत्रासाठी जाऊन-येऊन तीन तास उशीशिवाय कठीण सीटवर बसलं की बैठकीला जखम होते आणि ती भरेपर्यंत सगळंच बंद. योग्य उशी घ्यावी, दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलावं, जमत नसेल तर सोबतच्यानं पुढं वाकवून धरावं.

प्रगती यंत्राच्या स्क्रीनवर मोजू नये. जमिनीवर १० मीटर आखून घ्या आणि घड्याळ लावा. २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर. या वेगानं १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला अर्धं मिनिट लागेल. सोलापूरच्या सात रस्ता चौकात वाहनं तेवढा वेळ थांबतील का, हे सोलापूरकराला विचारायची गरज नाही.