सोपे वाटले म्हणजे आले, असे नव्हे

परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा धडा चौथ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटू लागते, नजर कुठेही न अडखळता ओळींवरून सरकत जाते आणि आपल्याला हे सगळे येते असा भरवसा मनात पक्का बसतो. हा भरवसा किती फसवा असतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून लख्खपणे दिसले. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने तोच उतारा लागोपाठ चार सत्रांत वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढले. लिहिलेले बरोबर की चूक, हेही त्यांना कुणी सांगितले नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना 83 टक्के आणि लिहिणाऱ्यांना 71 टक्के मजकूर आठवला. आठवडा उलटल्यावर मात्र पारडे फिरले: वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरले होते, लिहिणाऱ्यांकडे 61 टक्के. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच विचारला होता आणि त्यात सर्वाधिक आत्मविश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनीच दाखवला होता.

कोऱ्या कागदासमोर बसलेल्याची अवस्था आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. पहिली दोन वाक्ये उतरतात, तिसरे ओठांवर येऊन अडते, आणि तो धागा पकडण्यासाठी मन आधीच्या शब्दाकडे, त्या परिच्छेदाच्या विषयाकडे, एखाद्या उदाहरणाकडे परत परत धाव घेते. हे अडखळणे अपयशासारखे वाटते, परंतु शिकण्याचे खरे काम त्याच क्षणी चाललेले असते, कारण शोधून बाहेर काढलेली आठवण पुढच्या वेळी अधिक सहज सापडते. पान समोर उघडे असताना हा शोध घेण्याची वेळच येत नाही. ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि पहिलीलाच दुसरी समजण्याची चूक अभ्यासू माणसेही करतात.

नुसत्या इच्छेचेही असेच होते. गॅब्रिएल एटिंगन आणि टॉमस वॅडन या मानसशास्त्रज्ञांनी वजन कमी करण्याच्या उपक्रमात सहभागी झालेल्या 25 स्त्रियांचा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन अधिक उतरले. पण सडपातळ झाल्याची गोड चित्रे रंगवणाऱ्यांचे वजन, तशी चित्रे न रंगवणाऱ्यांच्या तुलनेत, वर्षभरात सुमारे 11 किलो कमी उतरले. अपेक्षा आणि मनोराज्य यांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. एटिंगन यांनी हीदर कॅपस यांच्यासह 2011 मध्ये मांडलेल्या प्रयोगांत अशा कल्पनाचित्रांनंतर लोकांचा सिस्टॉलिक रक्तदाब, म्हणजे वरचा आकडा, उतरलेला आढळला. कामासाठी सज्ज होण्याऐवजी शरीर जणू काम उरकल्यासारखे सैलावते.

अर्थात प्रत्येक कष्ट उपयोगाचा नसतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क यांनी ‘इष्ट अडचणी’ ही कल्पना, म्हणजे त्या वेळी शिकणे जड करणाऱ्या पण पुढे ते पक्के करणाऱ्या अडचणींची कल्पना, मांडली, तेव्हा त्यातला ‘इष्ट’ हा शब्द महत्त्वाचा होता: पायाच कच्चा असलेल्याला अवघड गणित दिले, तर त्याच्या पदरी केवळ थकवा येतो. कष्ट म्हणजे तासन्‌तास घालवणेही नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतःच पाठ करून 1885 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत एका दिवशी सलग केलेल्या 68 आवर्तनांचा जेवढा उपयोग झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून केलेल्या 38 आवर्तनांचा झाला. मध्ये रात्र गेली की थोडे विसरायला होते आणि सकाळची पहिली आवृत्ती जड जाते. एकूण आवर्तने जवळपास निम्म्यावर येण्यामागे त्या जड जाण्याचाच वाटा मोठा आहे.