समुद्री ससा ओळखायचा तर आधी शेपूट पाहा

सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, खडकांमधल्या डबक्यात शेवाळाच्या रंगाचा लिबलिबीत गोळा दिसला, तर थोडं थांबा. तो समुद्री ससा, म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईंचा एक प्रकार, असू शकतो. तो पाण्यात सरकू लागला की डोक्यावर गुंडाळलेल्या पानासारखी दोन शिंगं उभी राहतात. हेच सशाचे 'कान'. आणखी दोन शिंगं तोंडापाशी असतात. पाठीवर दोन्ही बाजूंनी मांसल पदर येतात आणि कल्ले त्यांच्या आत झाकलेले राहतात. कल्ले उघड्यावर फुलासारखे दिसले आणि पदर नसले, तर तो बहुधा न्यूडिब्रँक, म्हणजे समुद्री गोगलगाईंचा दुसरा गट.

नवशिक्यांची चूक इथेच होते: ते रंगावरून प्रजाती ठरवतात. रंग खाण्यानुसार आणि वयानुसार बदलतो. लाल शेवाळावर वाढलेली पिल्लं तर तांबूस दिसतात. शरीराची ठेवण त्या मानाने विश्वासाची. मात्र पाण्याबाहेर प्राण्याचा नुसता गोळा होतो, म्हणून त्याला पाण्यातच पाहावं.

शेपटीचा भाग सुरीने तिरका कापल्यासारखा सपाट, त्वचा खडबडीत, पाठीवरचे पदर जुळून मधे फक्त फट उरलेली, अशी ठेवण असेल तर तो डोलाबेला ऑरिक्युलॅरिया. तो 40 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. समुद्री गवतात बसला की दगडच वाटतो.

अंगभर झिपऱ्यांसारखे फांद्या फुटलेले तंतू आणि गोलसर फुगीर शरीर ही बर्साटेला लिचीची खूण. त्याच्या अंगावर चमकदार निळे ठिपकेही असतात. पण निळे ठिपके स्टायलोचिलस स्ट्रायटसलाही असतात आणि बहुतेक गफलत याच जोडीत होते. स्टायलोचिलस सडपातळ, शेपूट निमुळती, अंगावर लांबीच्या दिशेने बारीक गडद रेघा. रेघा शोधा, ठिपके नंतर.

गुळगुळीत अंग आणि मोकळे, हलणारे पदर असतील तर तो अ‍ॅप्लिसिया. तपकिरी कड्याच्या आत पांढरा बिंदू, म्हणजे बारीक डोळ्यांसारखे ठिपके असले तर अ‍ॅप्लिसिया ऑक्युलिफेरा. हा दिवसा पुष्कळदा वाळूत पुरून घेतो, त्यामुळे रात्रीच्या सुकतीला सापडण्याची शक्यता जास्त. मोठी काळी कडी असतील तर अ‍ॅप्लिसिया आर्गस. जुन्या पुस्तकांत तो डॅक्टिलोमेला या नावाने भेटेल. ते नाव आता अटलांटिकमधल्या प्रजातीला राहिलं आहे.

जांभळी शाई सोडली नाही म्हणून समुद्री ससा नव्हे, असं समजू नका. अ‍ॅप्लिसियाची शाई लाल शेवाळातल्या रंगद्रव्यापासून बनते. नुसतं हिरवं शेवाळ खाणाऱ्याकडे ती नसते. शाई पाहण्यासाठी प्राण्याला डिवचणं तर अजिबात नको. ती त्याची संरक्षणाची शिदोरी आहे. डोकं, पाठ, शेपूट आणि एक बाजू, एवढे चार फोटो ओळखीला पुरतात.

जवळच पिवळसर किंवा नारिंगी शेवयांचा गुंता दिसला तर ती त्यांची अंडी असू शकतात. नुसत्या अंड्यांवरून प्रजाती ठरवू नये.