जाड ऑइलच्या सल्ल्यामागची शंभर वर्षं

नव्या पेट्रोल गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलसाठी ०डब्ल्यू-२० किंवा थेट त्याहून पातळ ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं असतं. गॅरेजमध्ये मात्र ऐकायला मिळतं, "एवढं पाण्यासारखं ऑइल आपल्या उन्हात टिकायचं नाही, २०डब्ल्यू-५० टाकून घ्या." हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या काळात तो चोख होता. मधल्या काळात इंजिन बदललं, ऑइल बदललं, कायदे बदलले. सल्ला तेवढा तसाच राहिला.

फोर्डच्या मॉडेल टीला (१९०८ ते १९२७) ऑइल पंपच नव्हता, फिल्टर तर दूरच. फिरणारं फ्लायव्हील ऑइल उडवायचं, तेच सगळीकडे पोचायचं. पातळी पाहायला आजच्यासारखी दांडी नव्हती. खाली दोन बारीक तोट्या असत. वरची उघडून ऑइल आलं नाही आणि खालचीतून आलं, म्हणजे ठीक चाललंय असं समजायचं. अशा इंजिनात कोणतं ऑइल घालायचं, हे दुकानदाराच्या शब्दावर ठरे. तो गोंधळ आवरण्यासाठी अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ मध्ये जाडीनुसार वर्गवारी आणली. डब्यावरचे ३०, ४०, ५० हे आकडे त्याच परंपरेतले. ते गुण नाहीत. ५० नंबरचं ऑइल ३० पेक्षा 'चांगलं' नसतं, फक्त जास्त घट्ट असतं. १०० अंश सेल्सिअसला ते कितपत वाहतं, एवढंच हा आकडा सांगतो.

फिल्टर आला तो १९२३ मध्ये, अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॅल्श यांच्या प्युरोलेटरच्या रूपाने. पुढच्याच वर्षी क्रायस्लरने आपल्या नव्या गाडीत तो बसवूनच दिला. पण ते फिल्टर 'बायपास' पद्धतीचे होते. पंपातून निघालेल्या ऑइलचा थोडासाच भाग गाळला जाई आणि उरलेलं जसंच्या तसं बेअरिंगकडे जाई. सगळंच्या सगळं ऑइल गाळणारे फुल-फ्लो फिल्टर सर्रास व्हायला दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडला. हाताने फिरवून काढता येणारा डब्यासारखा स्पिन-ऑन फिल्टर १९५४ मध्ये विक्स या फिल्टर कंपनीने आणला. फोक्सवॅगनची बीटल मात्र एअर-कूल्ड इंजिनासह अनेक दशकं नुसत्या जाळीवर चालली. आपल्याकडची स्प्लेंडरही वर्षानुवर्षं जाळी आणि घाण बाहेर फेकणारी फिरती चकती यांच्याच जोरावर पळत आली आहे.

फिल्टरची खरी गरज वाढवली ती ऑइलमधल्याच एका बदलाने, आणि हा भाग सहसा कुणी सांगत नाही. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांमध्ये पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटून बसायच्या. त्यावर कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९३५ मध्ये डेलो हे डिटर्जंट मिसळलेलं ऑइल काढलं. त्याआधीच्या साध्या ऑइलमध्ये घाण खाली बसायची आणि चेंबरच्या तळाशी चिखल साचायचा. वरचं ऑइल मात्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसायचं. डिटर्जंट ऑइल काजळी खाली बसू देत नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगत ठेवतं. त्यामुळे ते लवकर काळं पडतं. दांडी पुसून "ऑइल काळं झालंय, बदला" म्हणणारा अजून त्या जुन्या ऑइलच्या हिशेबाने बोलतो. डिझेल गाडीत तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं आणि ते त्याचं काम करत असल्याचंच लक्षण आहे. काजळीचे हे कण इतके बारीक असतात की फिल्टरचा कागदही बहुतेक पकडत नाही. फिल्टर पकडतो ते, पूर्वी तळाशी बसणारे आणि आता ऑइलबरोबर फिरणारे, धातूचे कण आणि मोठी घाण.

आता जाडीकडे येऊ. जुनं ऑइल एकाच नंबरचं असे. थंडीत पातळ, उन्हाळ्यात जाड, असं ऋतुमानाप्रमाणे बदलावं लागे. तापल्यावर फार पातळ होऊ न देणारे पॉलिमर मिसळायला लागल्यावर मल्टिग्रेड आलं आणि १९५० च्या दशकापासून ते पसरलं. २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा थंड इंजिनातली वागणूक सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातली. ब्रिटनमध्ये २०डब्ल्यू-५० साठच्या दशकात चालायला लागलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या १९५९ च्या मिनी या छोट्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडलेला होता आणि गिअरचे दाते पॉलिमरचे तुकडे पाडत. त्याला हे घट्ट ऑइल पुरून उरायचं. आपल्या अॅम्बेसेडरचं इंजिन त्याच कंपनीच्या घराण्यातलं. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, मूळ फियाटची. दोन्ही इंजिनांत भागांमधली फट आजच्या मानाने मोठी, त्यात झीज झाली की धूर मारायची आणि ऑइल प्यायची. बोरघाटात बॉनेट उघडून रेडिएटरवर पाणी ओतणाऱ्या गाड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना जाड ऑइलचं समर्थन वेगळं करून दाखवायला नको.

त्या काळी निवडीला वावही कमी होता. १९६९ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला लुब इंडिया या कंपनीची वंगणतेलाची रिफायनरी सुरू झाली, ती १९७४ मध्ये एस्सो या परदेशी तेल कंपनीच्या इथल्या धंद्याबरोबर हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये गेली. दोनच वर्षांनी बर्मा-शेलचंही राष्ट्रीयीकरण झालं. पेट्रोल पंपावर जो डबा मिळेल तो घ्यायचा, असा मामला. परदेशी कंपन्यांची गर्दी झाली ती १९९० च्या दशकात, उदारीकरणानंतर.

दरम्यान तिकडे परदेशात ऑइलची जाडी कमी होत होती. कारण इंधन. ऑइल ढवळण्यात आणि पंप करण्यात इंजिनाची ताकद खर्च होते, त्यामुळे ऑइल पातळ केलं की मायलेज थोडं वाढतं. एकेका गाडीत हा फरक किरकोळ, पण कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी सरकार मोजतं तेव्हा तो मोठा ठरतो. २००१ च्या सुमाराला फोर्ड आणि होंडाने अमेरिकेत ५डब्ल्यू-२० सरसकट केलं. एसएईने १६ चा वर्ग २०१३ मध्ये आणला, मग १२ आणि ८ चे. भारतात प्रवासी गाड्यांना सरासरी इंधनखपतीचे नियम २०१७ पासून लागू झाले. म्हणजे पातळ ऑइलमागे कंपनीचा स्वार्थ आहे, हा गॅरेजवाल्याचा संशय अगदीच खोटा नाही. पण इंजिनही त्याच हिशेबाने बनवलेलं असतं: फटी कमी, ऑइलच्या वाटा अरुंद, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालणारी. आणि बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १०, थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवतो. तापलेल्या ऑइलला बाहेरच्या उन्हाचं आपल्याला वाटतं तेवढं काही वाटत नाही.

इथेच फिल्टर आणि जाडी एकमेकांत अडकतात. फुल-फ्लो फिल्टरमध्ये एक बायपास झडप असते. कागद तुंबला किंवा ऑइल फार घट्ट असलं की ती उघडते, कारण बेअरिंग कोरडं पडण्यापेक्षा न गाळलेलं ऑइल परवडतं. गारठलेल्या सकाळी ऑइल जितकं जाड, तितका वेळ ती उघडी राहण्याची शक्यता. किती दाबाला उघडायची हे गाडीप्रमाणे ठरतं, म्हणून 'फिट बसतोय ना' एवढ्यावर फिल्टर घेऊ नये. शिवाय एम२० बाय १.५ आणि पाऊण इंची १६ आट्यांचा, हे दोन आटे डोळ्यांना जवळपास सारखे दिसतात. चुकीचा अर्धवट बसतो आणि नंतर गळतो. स्वस्त फिल्टरमध्ये इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे जाऊ न देणारं रबर लवकर कडक होतं, मग सकाळी सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते.

डब्यावरची दुसरी खूण अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. १९७० च्या सुमाराला एसए, एसबी अशी अक्षरमाला सुरू झाली, २०१० मध्ये एसएन, २०२० मध्ये एसपी आणि २०२५ मध्ये एसक्यूपर्यंत आली. अक्षर पुढे गेलं की चाचण्या वाढतात. एसपीमध्ये छोट्या टर्बो इंजिनात इंधनाचं अवेळी पेट घेणं आणि टायमिंग चेनची झीज, दोन्ही तपासतात. एसएफ, एसजी छापलेले स्वस्त डबे आपल्याकडे अजून दिसतात. ते वर्ग त्या संस्थेने केव्हाच कालबाह्य ठरवले आहेत. उलट बाजूही आहे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून पातळ ग्रेडच्या नव्या ऑइलमध्ये झीज रोखणाऱ्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगावर मर्यादा आली. त्यामुळे जपून ठेवलेल्या पद्मिनीत आजचं एसपी ०डब्ल्यू-२० ओतणं हा शहाणपणा नव्हे.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत चूक महागात पडते. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. अडलेली काजळी अधूनमधून जाळून टाकता येते. ऑइलमधल्या धातूंची राख मात्र जळत नाही, साचतच राहते. म्हणून युरोपच्या एसीईए या संस्थेने कमी राखेच्या ऑइलसाठी सी गट केला. सी२ आणि सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, तर जुन्या ए३/बी४ मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत जाते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० एकसारखंच छापलेलं असू शकतं. तेव्हा डिझेलवाल्यांनी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचावीत आणि ती मॅन्युअलशी जुळवूनच पैसे द्यावेत.