पश्चिम आफ्रिकेत लेखन मिशनऱ्यांनीच नेले का?

पश्चिम आफ्रिकेतील खेड्यांत तरुण मिशनरी पोहोचेपर्यंत तिथे कुणालाच लिहिता येत नव्हते, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. मिशनच्या शाळांची वर्णने वाचलेल्यांना तो खरा वाटणे स्वाभाविक आहे.

अनेक खेड्यांत लेखन नव्हते आणि रोमन लिपी, छपाई व शाळा मिशनऱ्यांनी पसरवल्या, हे खरेच आहे. परंतु मालीतील तिंबक्तूची कित्येक हस्तलिखिते त्यांच्या आगमनाच्या शतकानुशतके आधीची आहेत. हौसा व फुला भाषा अरबी लिपीत लिहिल्या जात होत्या. आणि लायबेरियातील वाई लोकांनी १८३०च्या दशकात स्वतःची लिपी घडवली, जिचे प्रत्येक चिन्ह एक अक्षर दर्शवते आणि जिच्यात पत्रे व हिशेब लिहिले गेले. नवख्या मिशनऱ्याला तर गावाची भाषा गावकऱ्यांकडूनच शिकावी लागे. नायजेरियातील योरुबा भाषेतल्या बायबलचा प्रमुख अनुवादकही योरुबा समाजातलाच होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पडताळणीसाठी असा मजकूर कोणत्या प्रदेशाबद्दल व कोणत्या शतकाबद्दल आहे, हे आधी विचारावे. मग तिंबक्तूच्या हस्तलिखितांची छायाचित्रे पाहावीत. वाई लिपी २००८पासून युनिकोडमध्ये असल्याने तिची चिन्हे संगणकावरही पाहता येतात.